तीन गोळ्या चालू, तरी बीपी १५० च्या वर: कार्डिॲक रिहॅबमधला हट्टी रक्तदाब

अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन महिना-दीड महिना झालेला असतो. रिहॅब, म्हणजे हृदयाच्या उपचारांनंतरचा देखरेखीखालचा व्यायाम, सुरू असतं. आणि पेशंटच्या तक्त्यात तीच ओळ परत परत येत राहते: व्यायामाआधी १५८/८६, नंतर १४४/८०, डॉक्टरांना दाखवायला सांगितले. पुढच्या वेळी १६२/८८, डॉक्टरांना दाखवायला सांगितले. पेशंट दाखवतो. डॉक्टर म्हणतात, आत्ता तर १४० आहे, बघू पुढच्या महिन्यात. महिनाभरात असे दहा-बारा आकडे जमतात आणि त्यांचं कुणीच काही करत नाही.

खरं तर बीपी समजून घ्यायला रिहॅबइतकी चांगली जागा दुसरी नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तोच माणूस, तीच खुर्ची, तेच मशीन. आणि बसलेला, चालताना, थांबल्यावर असे तिन्ही वेळचे आकडे हाताशी. ही सोय कुठल्याच ओपीडीत नसते. खरोखर हट्टी असलेला बीपी आणि नुसता तसा दिसणारा बीपी या आकड्यांवरून वेगळे काढता येतात, आणि दोघांचे उपचार अगदी वेगळे आहेत. हे वेगळं काढायचं कसं, तेवढ्यापुरतंच आज लिहितोय. पेशंट आणि घरच्यांसाठी लिहितोय, आणि रिहॅबमध्ये नव्याने काम करू लागलेल्यांसाठीही. एक गोष्ट आधीच सांगतो: खाली डोस आले आहेत ते समजण्यासाठी. वाचून स्वतःच्या गोळ्या स्वतः बदलू नका.

हट्टी कशाला म्हणायचं

रेझिस्टंट हायपरटेन्शनची, म्हणजे हट्टी रक्तदाबाची, व्याख्या नेमकी आहे. वेगवेगळ्या गटांतली तीन औषधं, त्यात एक लघवीची गोळी, पूर्ण किंवा सोसेल तेवढ्या जास्तीत जास्त डोसमध्ये, नियमित घेऊनही बीपी ठरलेल्या पातळीच्या वर राहिला तर तो रेझिस्टंट. चार किंवा जास्त औषधं घेऊन काबूत आलेला बीपीही अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१८ च्या निवेदनात याच खात्यात धरला आहे. नेहमीचं त्रिकूट ठरलेलं आहे: एसीई इनहिबिटर किंवा एआरबी यांपैकी एक (रामिप्रिल, टेल्मिसार्टन वगैरे), दिवसभर पुरणारा कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (बहुतेक वेळा ॲम्लोडिपिन), आणि थायझाइड जातीची लघवीची गोळी. पातळी अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांत १३०/८० आहे. युरोपात क्लिनिकमध्ये १४०/९० आणि त्यावर असेल तर हायपरटेन्शन म्हणतात, पण उपचार सुरू झाल्यावर वरचा आकडा सोसत असेल तर १२० ते १२९ मध्ये आणावा असं तिथली २०२४ ची सूचना सांगते.

आता हृदयाच्या पेशंटची गोळ्यांची पिशवी उघडून बघा. आठ-नऊ पाकिटं निघतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन, ॲसिडिटीची गोळी, यांचा बीपीशी संबंध नाही. बीटा ब्लॉकर दिलेला असतो तो हृदयासाठी. वरच्या त्रिकुटात तो मोडत नाही. रामिप्रिल असते, पण २.५ मिग्रॅ, वाढवत १० पर्यंत नेता येते, ती वाढवायची राहून गेलेली असते. अटॅकनंतर किंवा ऑपरेशननंतर पहिले काही दिवस बीपी आपोआपच खाली असतो, म्हणून हॉस्पिटलमध्ये जुनी ॲम्लोडिपिन आणि लघवीची गोळी थांबवतात. हे बरोबरच असतं. पण डिस्चार्ज कार्डावर त्या गोळ्या परत येत नाहीत, आणि चार-सहा आठवड्यांत माणूस हिंडू-फिरू लागला, जेवायला लागला की बीपी जुन्या जागी येतो. रिहॅब सुरू व्हायची वेळही तीच. त्यामुळे 'इतक्या गोळ्या घेऊनही बीपी ऐकत नाही' असं सांगणाऱ्यांतल्या पुष्कळांचा बीपी हट्टी नसतोच, त्यांचे उपचार अर्धे राहिलेले असतात. ऑपरेशनच्या आधीची जुनी चिठ्ठी आणि आताचं डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून बघितलं की पाच मिनिटांत हे कळतं.

मोजणी

पिशवी बघून झाली की मोजणीकडे यायचं. इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो.

पेशंट जिना चढून, उशीर झाला म्हणून धापा टाकत येतो, खुर्चीत टेकतो, आणि त्याच क्षणी कफ, म्हणजे बीपी मशीनचा दंडाला बांधायचा पट्टा, गुंडाळला जातो. कफ शर्टाच्या बाहीवरून. पाय एकमेकांवर. हात मांडीवर. आणि मोजताना प्रश्न: "काय, कसं वाटतंय? चाललात का रोज?" असा घेतलेला १६० खरा किती, ते कुणीच सांगू शकणार नाही. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, दंड उघडा, हात टेबलावर आणि कफचा मध्य छातीच्या हाडाच्या मधोमध, म्हणजे हृदयाच्या पातळीला. लघवी करून आलेला. पाच मिनिटं गप्प बसलेला. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट आणि व्यायाम नाही. मग एक मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग, आणि त्यांची सरासरी. हात हृदयाच्या पातळीपेक्षा जितके सेंटिमीटर खाली, तितक्या प्रत्येक सेंटिमीटरला साधारण ०.८ मिमी जास्त दाखवतो. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबत असला की सात-आठ मिमी फुकटचे चढतात.

कफचं माप हा वेगळाच विषय आहे. दंडाचा घेर टेपने एकदा मोजा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. साधारण २७ ते ३४ सेंमीला मध्यम कफ, ३५ ते ४४ ला मोठा, त्याहून जाड दंडाला त्याहून मोठा. कंपनीप्रमाणे थोडा फरक असतो, कफवर छापलेली रेघ बघायची. आतला फुगा दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी वेढायला हवा. जाड दंडावर मध्यम कफ ताणून बसवला तर वरचा आकडा दहा-वीस मिमीने जास्त येऊ शकतो, आणि रिहॅबमध्ये वजन जास्त असलेले पेशंट काही कमी नसतात. कफ फुगताना टरटर करून सुटत असेल तर तो लहान आहे. घट्ट धरून ठेवू नका, बदला.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. फरक असेल तर पुढे कायम जास्त आकड्याचा हात धरायचा. बायपासच्या पेशंटमध्ये याला आणखी एक कारण आहे. बायपासमध्ये छातीच्या डाव्या आतल्या बाजूची धमनी बहुतेक वेळा वापरतात, आणि ती डाव्या हाताला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीतूनच निघते. ती मोठी धमनी अरुंद झाली तर डाव्या हाताचा बीपी खोटा कमी दिसतो. डावीकडे १३०, उजवीकडे १५८ असं सापडलं तर पेशंटचा बीपी १५८ समजायचा. वर डाव्या हाताने काम करताना छातीत दुखत असेल तर ते लगेच हृदयाच्या डॉक्टरांना कळवायचं, कारण बायपासच्या नळीचं रक्त हाताकडे ओढलं जात असण्याची शक्यता असते. दोन हातांत १५ पेक्षा जास्त फरक सारखा येत असेल तर तो नुसता नोंदवून सोडू नये.

नाडी अनियमित असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, तर मशीनच्या एका आकड्यावर विसंबू नका. तीन वेळा मोजून सरासरी घ्या. जमत असेल तर स्टेथोस्कोप लावून हाताने मोजा.

घरचं मोजमापही हवंच, कारण रिहॅबची खोली ही शेवटी हॉस्पिटलचीच खोली. दंडाला लावायचं, तपासलेलं मशीन घ्या; मनगटाचं नको. सात दिवस, सकाळी गोळी आणि नाश्ता यांच्या आधी दोनदा आणि रात्री दोनदा. पहिला दिवस सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. युरोपीय पद्धतीने १३५/८५ च्या खाली असेल आणि रिहॅबमध्ये मात्र १५५ येत असेल, तर तो डॉक्टरांना बघून चढणारा बीपी. एकदा पेशंटला त्याचं मशीन घेऊन यायला सांगा आणि शेजारी-शेजारी तपासा. डॉक्टरांना घरच्या आकड्यांवर विश्वास नसेल तर २४ तासांचं मशीन लावायचं. त्याच्या मर्यादा अशा: पूर्ण दिवस-रात्रीची सरासरी १३०/८०, जागेपणी १३५/८५, झोपेत १२०/७०. झोपेतला आकडा इथे फार महत्त्वाचा. दिवसा ठीक आणि रात्री चढलेला बीपी दुसऱ्या मार्गाने सहसा पकडता येत नाही.

गोळी घेतली, पण कधी?

'गोळ्या नियमित घेता का?' या प्रश्नाला उत्तर नेहमी 'हो' येतं. प्रश्न बदलायला हवा. 'आज सकाळी कुठल्या घेतल्या, किती वाजता?' असं विचारलं की खरं बाहेर येतं.

रिहॅबचं एक खास कारण आहे, जे ओपीडीत कधीच कळत नाही. सेशन सकाळी असतं, प्रवास तासाभराचा असतो, आणि लघवीची गोळी घेतली तर वाटेत पंचाईत. म्हणून सेशनच्या दिवशी ती गोळी घेतली जात नाही. कधी कधी सगळ्याच गोळ्या 'घरी गेल्यावर जेवून घेतो' म्हणून मागे राहतात. म्हणजे आपण आठवड्यातून तीनदा मोजतो ते नेमके गोळी न घेतलेले तास. उपाय साधा आहे: लघवीची गोळी घेण्याची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. बीपीच्या गोळ्या सकाळी घ्या की रात्री, अटॅक-स्ट्रोकच्या बाबतीत फरक पडत नाही, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाइम ट्रायलमध्ये दिसलं आहे. पेशंट जी वेळ खरोखर पाळेल ती वेळ चांगली. फक्त लघवीची गोळी अगदी झोपताना नको, रात्री उठावं लागतं आणि अंधारात माणूस पडतो.

गोळ्यांची संख्या कमी करणं हाही उपचारच आहे. दोन किंवा तीन औषधं एकाच गोळीत असलेली मिळतात. चार पाकिटांच्या जागी एक आलं की चुकण्याचं प्रमाण घटतं.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. पेशंट निम्म्या गोळ्या घेत नाही हे न कळता डॉक्टर डोस वाढवत गेले, आणि मग कुणी तरी दामटून सगळ्या गोळ्या एकदम सुरू केल्या, तर बीपी धाडकन ९० वर येतो. गोळ्या चुकतात असं कळलं की ते आधी डॉक्टरांना सांगा. पेशंटला रागावून काही साधत नाही. तो पुढच्या वेळी नुसतं 'हो' म्हणतो.

बीपी वर ढकलणाऱ्या गोष्टी

बायपासनंतर छातीचं हाड आणि खांदे दुखतात. मग आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन अशा गोळ्या सुरू होतात, बऱ्याचदा चिठ्ठीविना. या गोळ्या मूत्रपिंडात मीठ-पाणी अडवतात, एसीई इनहिबिटर आणि लघवीची गोळी दोन्हींचा असर कमी करतात, आणि हृदयाच्या पेशंटला तशाही नकोच असतात. पेशंट त्यांना औषधात धरतच नाही. 'दुखण्यावर काय घेता?' हे वेगळं विचारावं लागतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांचाही हिशेब धरा: पॅरासिटामॉलच्या अशा एका गोळीत ४०० मिग्रॅच्या आसपास सोडियम असतं. दिवसाला सहा गोळ्या म्हणजे दिवसभराच्या सोडियमची मर्यादा नुसत्या औषधातच संपली. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, स्टेरॉइड, काही डिप्रेशनच्या गोळ्या (व्हेन्लाफॅक्सिन), गर्भनिरोधक गोळ्या, ज्येष्ठमध आणि दारू हेही याच यादीत. ज्येष्ठमध बीपी चढवतो आणि वर पोटॅशियम पाडतो, म्हणून घरगुती काढे आणि चूर्णं काय चालू आहेत तेही विचारायचं.

मिठाबद्दल सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच प्रमाण माहीत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण एक सपाट चमचा, आणि त्यात पाकिटातल्या, बेकरीतल्या आणि बाहेरून आणलेल्या पदार्थांतलं मीठही आलं. साध्या बीपीपेक्षा हट्टी बीपीत मिठाचा वाटा फार मोठा असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण काटेकोर अभ्यासात रेझिस्टंट पेशंटना आठवडाभर खूप मीठ आणि आठवडाभर अगदी कमी मीठ दिलं, तर वरच्या आकड्यात सुमारे २३ मिमीचा फरक पडला. इतकं कुठलीच एक गोळी देत नाही. 'आम्ही कमीच खातो' हे खरं का, ते २४ तासांची लघवी गोळा करून तपासता येतं: त्यात आलेलं सोडियम (मिलिमोलमध्ये) भागिले १७ म्हणजे त्या दिवशी खाल्लेलं मीठ ग्रॅममध्ये, अंदाजे. सोडियम १७० आलं तर मीठ १० ग्रॅम. वादच मिटतो.

व्यायाम द्यायचा की परत पाठवायचं

बीपी १६५ आला म्हणून पेशंटला घरी पाठवणं, ही माझ्या मते रिहॅबमधली सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. ज्या उपचाराने बीपी उतरणार आहे तोच आपण रद्द करतो.

बसून १८०/११० च्या वर असेल तर व्यायाम नाही, यावर फारसे मतभेद नाहीत. काही ठिकाणी खालच्या आकड्याची मर्यादा १०० ठेवतात. दहा मिनिटं शांत बसवून परत मोजा. तरीही वरच असेल आणि त्रास काही नसेल तर त्या दिवशी व्यायाम रद्द, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, धाप, एका बाजूची अशक्तता, नजर धूसर होणं, तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही सोबत असेल तर थेट इमर्जन्सी. अशा वेळी जिभेखाली निफेडिपिन फोडायची जुनी पद्धत कुठे कुठे अजून दिसते. ती करू नका. बीपी एकदम कोसळतो आणि हृदयाचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

१६० ते १८० च्या मधल्यांना व्यायाम द्यावा, पण लांब वॉर्म-अप आणि हलक्या वेगाने. दहा-बारा मिनिटांच्या चढत्या वॉर्म-अपनंतर पुष्कळदा बीपी अपेक्षेपेक्षा सरळ वागतो.

चालताना बीपी वाढणं हे नॉर्मल आहे. श्रम मेटमध्ये मोजतात (शांत बसलेलं असताना एक मेट); दर एका मेटला वरचा आकडा साधारण १० ने वाढतो, खालचा तिथेच राहतो किंवा थोडा उतरतो. १५० ने सुरू केलेला पेशंट चार मेट्सवर १८० ला गेला तर घाबरण्याचं कारण नाही. २२०/१०५ च्या वर जाऊ देऊ नये, तिथे वेग कमी करायचा. उलट वेग वाढवूनही वरचा आकडा १० पेक्षा जास्त खाली आला, तर ते जास्त गंभीर: लगेच थांबवा, ईसीजी बघा. चालताना मोजायचं ते स्टेथोस्कोपने, हाताने. साधं आपोआप फुगणारं मशीन ट्रेडमिलच्या हादऱ्यात चुकतं. आणि ज्या हातावर कफ आहे त्या हाताने पेशंटने दांडी घट्ट पकडलेली नको. हात तुम्ही तुमच्या हातावर तोलून धरा. मूठ आवळली की आकडा चढतो.

नाडीवरून वेग ठरवताना बीटा ब्लॉकर आडवा येतो. जास्तीत जास्त नाडीचं '२२० वजा वय' हे सूत्र इथे निरुपयोगी. गोळ्या चालू असताना केलेल्या स्ट्रेस टेस्टवरून नाडी ठरवा, नाहीतर किती श्रम वाटतात ते पेशंटने सांगायच्या बोर्गच्या ६ ते २० च्या पट्टीवर ११ ते १३, म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम. वजनाचे व्यायाम चालतात. हलकं वजन, १० ते १५ वेळा, उचलताना श्वास सोडायचा. श्वास रोखून जोर लावला की बीपी क्षणात भलताच चढतो. बायपासवाल्यांना छातीचं हाड जुळेपर्यंत, साधारण ८ ते १२ आठवडे, हातांनी जड उचलायला बंदीच.

कूल-डाउन टाळू नका. ॲम्लोडिपिन, नायट्रेट, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, सगळ्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या. जोरात चालून एकदम उभं राहिलं की रक्त पायांत थांबतं आणि माणूस खाली बसतो. दहा मिनिटं हळूहळू वेग उतरवा, मग बसवून मोजा. व्यायामानंतर बीपी काही तास खालीच असतो. म्हणून सेशननंतरचा १२८ बघून 'कंट्रोलमध्ये' असं लिहू नका. औषधाचा निर्णय व्यायामाआधीच्या आणि घरच्या आकड्यांवर होतो.

फायदा किती? पोर्तुगालमधल्या एनरिच या अभ्यासात रेझिस्टंट बीपीच्या पेशंटना १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं देखरेखीखाली एरोबिक व्यायाम दिला. २४ तासांचा वरचा आकडा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत ७ मिमीने उतरला. अमेरिकेतला ट्रायम्फ अभ्यास तर आपल्या विषयाचाच. १४० पेशंट, चार महिने. एका गटाला कार्डिॲक रिहॅबमध्ये व्यायाम, कमी मिठाचा डॅश आहार (भाज्या, फळं, कमी चरबीचं दूध-दही यांवर भर) आणि वजन कमी करायला मदत. दुसऱ्या गटाला तोच सल्ला एका तासाच्या भेटीत आणि लेखी. क्लिनिकमधला वरचा आकडा पहिल्या गटात १२.५ ने उतरला, दुसऱ्यात ७ ने. पण २४ तासांच्या मशीनवर पहिल्यात ७, दुसऱ्यात जवळपास शून्य. दोन्ही २०२१ चे. नुसता कागद देऊन पाठवण्याची किंमत त्या शून्यात दिसते.

लपलेली कारणं

मोजणी बरोबर, गोळ्या चालू, मीठ कमी, तरी बीपी वर. आता शोध घ्यायचा.

रेझिस्टंट बीपीच्या साधारण पाचातल्या एका पेशंटमध्ये मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे मीठ-पाणी अडवणारं हॉर्मोन जास्त बनवत असते. पोटॅशियम नॉर्मल असलं तरी हे असू शकतं, म्हणून पोटॅशियम बघून तपासणी टाळू नये. रक्तात अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (मूत्रपिंडातून येणारं, अल्डोस्टेरॉन वाढवायचा इशारा देणारं) एकत्र तपासतात आणि त्यांचं गुणोत्तर काढतात. हृदयाच्या पेशंटमध्ये गोम अशी, की बीटा ब्लॉकर रेनिन पाडतो आणि गुणोत्तर खोटं वाढवतो. अल्डोस्टेरॉनचं काम अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी उलट गोंधळ घालते आणि एरवी ती चार आठवडे बंद करून तपासणी करतात. नुकताच अटॅक येऊन गेलेल्याचा बीटा ब्लॉकर रिपोर्टसाठी थांबवायचा नसतो. रामिप्रिल आणि लघवीची गोळी चालू असूनही रेनिन दबलेलंच असेल तर संशय पक्का होतो, कारण त्या दोन्ही गोळ्या रेनिन वाढवतात. कुठल्या गोळ्या चालू असताना रक्त घेतलं, हे लॅबच्या कागदावर लिहिलंच पाहिजे.

झोपेत श्वास अडकणं हे दुसरं. पेशंटला विचारून उपयोग नाही, तो झोपलेला असतो. शेजारी झोपणाऱ्याला विचारा. झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप मशीनने बीपी सरासरी दोन-तीन मिमीच उतरतो, रोज पुरेसे तास लावला तर थोडा जास्त. पण दिवसाची पेंग गेली की माणूस व्यायामाला टिकतो.

ज्याच्या हृदयाच्या धमन्यांत चरबी साचली त्याच्या मूत्रपिंडाच्या धमन्या स्वच्छ असतील असं नाही. एसीई इनहिबिटर किंवा एआरबी सुरू केल्यावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) ३० टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं, किंवा हृदयाचं पंपिंग चांगलं असूनही फुप्फुसात अचानक पाणी भरलं, तर मूत्रपिंडाच्या धमनीचा डॉप्लर करायला सांगतात. थायरॉइड, कुशिंग, फिओक्रोमोसायटोमा ही हॉर्मोनच्या आजारांची कारणं विरळा. लक्षणं असतील तरच मागे लागायचं.

चौथी गोळी

चौथ्या गोळीआधी तिसरी, म्हणजे लघवीची गोळी, तपासा. एकत्रित गोळ्यांत बहुतेक हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिग्रॅ असते, ती अशा पेशंटला अपुरी पडते. क्लोरथॅलिडोन १२.५ ते २५ जास्त ताकदीची आणि दिवस-रात्र पुरणारी. मूत्रपिंड बरंच अधू झालं की थायझाइडचा उपयोग नाही असं पूर्वी शिकवायचे. २०२१ च्या क्लिक ट्रायलमध्ये ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा) १५ ते २९ असलेल्यांतही क्लोरथॅलिडोनने २४ तासांचा वरचा आकडा साधारण ११ ने उतरला. पोटॅशियम आणि सोडियम पडू शकतं, रक्त तपासत राहावं लागतं.

त्यानंतर स्पायरोनोलॅक्टोन. २०१५ च्या पाथवे-२ ट्रायलमध्ये बिसोप्रोलॉल, डॉक्साझोसिन या बीपीच्या गोळ्या आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी (प्लासिबो) या तिघांनाही तिने मागे टाकलं. २५ ते ५० मिग्रॅ, सावधपणे १२.५ पासूनही सुरू करतात. पोटॅशियम ५ च्या वर किंवा ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर नको. ४५ च्या खाली असेल तर फार जपून. सुरू केल्यावर एका आठवड्याने आणि चार आठवड्यांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन झालंच पाहिजे. इथे घात कुठे होतो ते सांगतो: पेशंट चांगल्या हेतूने 'लो सोडियम' मीठ आणतो, ज्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, सोबत रामिप्रिल आहेच. किंवा लघवीच्या इन्फेक्शनला ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी मिळते, तीही पोटॅशियम चढवते. पुरुषांना छाती दुखरी होऊन फुगली तर एप्लेरेनोन हा पर्याय आहे.

हृदयाचं पंपिंग कमी असेल तर डिल्टियाझेम-व्हेरापामिल नको. क्लोनिडिन एकदम बंद केली तर बीपी उसळतो, म्हणून गोळ्या विसरणाऱ्याला ती देणं धोक्याचं. मूत्रपिंडाच्या धमनीभोवतीच्या नसा जाळण्याची प्रक्रिया २०१४ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये फसली होती, सुधारित साधनांनंतर अमेरिकेत २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. उतार सरासरीने माफक असतो, त्यामुळे वरचं सगळं करून झाल्यावरच तिचा विचार.

किती खाली न्यायचं यालाही मर्यादा आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल होताना, म्हणजे खालच्या आकड्याच्या जोरावर. वयस्कर पेशंटमध्ये १५०/५८ असा बीपी दिसतो. वरचा उतरवायच्या नादात खालचा ५० ला गेला आणि चालताना छाती भरून येऊ लागली तर हात आखडता घ्यावा लागतो. डोस वाढवण्याआधी उभं करून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा २० ने किंवा खालचा १० ने पडत असेल तर ते डॉक्टरांना माहीत हवं.

चिठ्ठी

'बीपी जास्त आहे, कृपया पाहावे' या चिठ्ठीने काही होत नाही. अशी लिहा:

'गेल्या ६ सेशनमध्ये व्यायामाआधी सरासरी १५६/८४, उजवा हात, मोठा कफ, ५ मिनिटं विश्रांतीनंतर. घरी ७ दिवसांची सरासरी १४८/८२. उभं राहिल्यावर १५०/८४, चक्कर नाही. ४ मेट्सला १८८/८४. टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन ५, मेटोप्रोलॉल ५० रोज सकाळी ८ वाजता, चुकत नाहीत. ऑपरेशनपूर्वी क्लोरथॅलिडोन चालू होती, डिस्चार्जपासून नाही. पोटॅशियम ४.२, क्रिएटिनिन १.१. पेनकिलर नाही. घोरतात, झोपेत श्वास थांबतो असं पत्नी सांगतात.'

हा बीपी व्याख्येने रेझिस्टंट नाहीच. लघवीची गोळी नाही आणि त्रिकुटातल्या उरलेल्या दोन्ही गोळ्या अर्ध्या डोसवर आहेत. वाचणाऱ्या डॉक्टरांना पुढचं पाऊल शोधावं लागत नाही.

डोस बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी निकाल लावू नका. ॲम्लोडिपिनला आठवडा लागतो, लघवीच्या गोळीला आणि स्पायरोनोलॅक्टोनला काही आठवडे. चार आठवड्यांत रिहॅबमध्ये आठ ते बारा आकडे मिळतात. सरासरी दहाने उतरली का ते बघा, नसेल तर दुसरी चिठ्ठी. आणि दहाव्या-बाराव्या आठवड्याला, वजन चार-पाच किलो उतरलं आणि चालण्याचा वेग वाढला की तोच पेशंट सकाळी उठताना चक्कर येते म्हणू लागतो, तेव्हाही चिठ्ठीच लिहायची, गोळी कमी करण्यासाठी.